कागदोपत्री कुंडी

"दाजी, तुमच्या गावात माणसं राहतात की पतंग?"

मेहुण्याने हा प्रश्न टाकला तेव्हा तुल्लियो विझिंतिन यांच्या तोंडात गरमागरम फ्रिकोचा घास होता. बटाटा आणि चीजचं हे उदिनेकडचं थालीपीठ तोंडात असताना माणसाला उलट उत्तर देता येत नाही. टाळू भाजते. एल्वियोला हे पक्कं ठाऊक असल्यामुळे तो वर्षानुवर्षं टोमण्यासाठी नेमकी हीच वेळ साधत आला होता.

दिवस होता एक नोव्हेंबरचा, सर्व संतांच्या सणाचा. एल्वियोच्या घरी उदिनेला सगळे जेवायला जमले होते आणि बाहेर पाऊस पडत होता. उदिनेला पाऊस येतो असं म्हणण्यात काही अर्थ नाही. तो तिथे राहतो. मधूनमधून चार दिवस गावाला जातो, एवढंच. तुल्लियो खिडकीबाहेर बघून फक्त "अजून पडतोयच वाटतं" इतकंच म्हणाले होते, आणि तेही अगदी सभ्यपणे. पण त्रिएस्तेच्या माणसाने उदिनेच्या माणसाच्या घरात बसून पावसाचं नाव काढणं म्हणजे भांडणाला आमंत्रणच.

"पडू दे की," निवेस म्हणाली. "निदान वरून खाली पडतो. आपल्याकडे बाजूने येतो आणि छत्रीची दांडी तेवढी हातात ठेवतो."

ही निवेस म्हणजे तुल्लियोंची बायको आणि एल्वियोची थोरली बहीण. लग्न होऊन त्रिएस्तेला आली त्याला अडतीस वर्षं झाली होती. पण अजून कुणी "तुम्ही कुठल्या?" म्हटलं की ती "उदिनेची" म्हणून सांगायची, आणि तेही अशा सुरात की जणू संध्याकाळच्या गाडीने परतच जायचंय.

"त्याला वारा म्हणत नाहीत," घास गिळून तुल्लियो म्हणाले. "त्याला बोरा म्हणतात. बोरा आली की हवा कशी धुतल्यासारखी होते. जंतू राहत नाहीत."

"जंतू काय, स्कूटरीसुद्धा राहत नाहीत," एल्वियो म्हणाला.

सगळे हसले. इलारिया तर पोट धरून हसली, आणि त्या पोटात साडेचार महिन्यांचं बाळ होतं. इथेच खरी मेख होती. इलारिया ही विझिंतिनांची एकुलती एक मुलगी. नवऱ्याबरोबर उदिनेला राहत होती. मार्चअखेर बाळ येणार होतं, आणि तिच्या समोरच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची जागा रिकामी झाली होती. घरमालक ओळखीचा होता. ईस्टरपर्यंत थांबायला तयार होता. निवेसने ती जागा दोनदा बघून ठेवली होती, पडद्यांची मापं घेतली होती. त्रिएस्तेचं घर विकायचं आणि इकडे यायचं, असा तिचा सरळ हिशोब होता. तुल्लियोंना तो हिशोब मुळीच मान्य नव्हता. पण "मला माझं गाव सोडवत नाही" असं चारचौघांत म्हणणं त्रेसष्टाव्या वर्षी शोभत नाही. त्यामुळे ते गेले दोन महिने हवामानाच्या आडून लढत होते.

"उदिनेची हवा मला मानवणार नाही," ते म्हणाले. "हिवाळ्यात हाडं गोठतात, उन्हाळ्यात माणूस उकडतो आणि मधल्या वेळात पाऊस."

"मानवणार नाही हे कशावरून?"

"अनुभवावरून."

"नोंद आहे?" एल्वियोने शांतपणे विचारलं.

हा घाव वर्मी बसला. तुल्लियोंनी छत्तीस वर्षं विमा कचेरीत वादळी नुकसानभरपाईच्या टेबलावर काढली होती. कौलं उडालेले, होड्या आपटलेले, पाट्या डोक्यात पडलेले लोक रडत यायचे, आणि तुल्लियो चष्म्यावरून बघत एकच वाक्य म्हणायचे, "नोंद नाही, तर घटना नाही." आता तेच वाक्य त्यांच्याच ताटात वाढलं गेलं.

"नोंद करू," तुल्लियो हातातला काटा खाली ठेवून म्हणाले. "डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. दोन्ही गावांत एकसारखं यंत्र. पाऊस पडला तो दिवस बाद, पारा शून्याखाली गेला तो बाद. ज्या गावाचे चांगले दिवस जास्त, तिथे आपण राहायचं. त्रिएस्ते जिंकलं तर निवेस पुन्हा हा विषय काढणार नाही."

"आणि उदिने जिंकलं तर?" निवेसने विचारलं.

"तर मी ईस्टरच्या आत सामान बांधतो. शब्द दिला."

"आणि वारा?" एल्वियो म्हणाला. "पन्नासच्या वर वारा गेला तर एका दिवसाचे तीन कापायचे. तुमच्याकडे माणूस एक दिवस उडतो, आणि दोन दिवस चालत परत येतो."

शहाण्या माणसाने इथे घासाघीस केली असती. पण दुखावलेला स्वाभिमान फार उदार असतो. "चार कापा हवं तर," असं तुल्लियो म्हणणार होते. निवेसने टेबलाखालून पाय दाबल्यामुळे तीनवर भागलं.

यंत्रं आली. चार वाट्यांचं भिरभिरं, खाली पाऊस मोजायचं भांडं, बाजूला तापमापक, आणि घरात ठेवायची एक डबी. भिरभिरं बाहेर फिरायचं आणि डबी आत बसून सगळं आपोआप लिहून ठेवायची. आता दोन्ही घरांतल्या माणसांचा एकमेकांवर विश्वास किती, तर तुल्लियोंनी उदिनेला जाऊन एल्वियोच्या डबीवर चिकटपट्टी लावून सही ठोकली, आणि एल्वियोने त्रिएस्तेला येऊन तुल्लियोंच्या डबीवर. तीन महिने कुणी आकडे बघायचे नाहीत. मार्चच्या पहिल्या रविवारी इलारियाच्या हातून सील फोडायचं. ती दोन्ही पक्षांची मुलगी आणि भाची, शिवाय त्या अवस्थेतल्या बाईशी कुणी वाद घालत नाही.

एल्वियोने आपलं भिरभिरं परसातल्या खांबाला दहा मिनिटांत बांधून टाकलं. तुल्लियो मात्र इमारतीत राहत होते. चौथा मजला, समुद्राकडे तोंड, शंभर वर्षांची दर्शनी भिंत. अशा इमारतीत माणसाला शिंकायचं असलं तरी आधी व्यवस्थापकाला पत्र द्यावं लागतं.

व्यवस्थापक रिझमोंदोसाहेब यांनी पत्र दोनदा वाचलं. "गच्चीवर खांब म्हणजे सामाईक जागेचा प्रश्न. सभा बोलवावी लागेल."

सभा बोलावली गेली. पहिली बैठक सकाळी सहाला, आणि गणसंख्येअभावी ती रद्द झाल्यास दुसरी बैठक त्याच दिवशी संध्याकाळी सातला. पहिल्या बैठकीला कुणी जात नाही. ती न होण्यासाठीच ठेवलेली असते. तिथल्या शेंबड्या पोरालासुद्धा हे माहीत असतं. पण तुल्लियोंना संध्याकाळपर्यंत धीर धरवेना. पहाटे सहाला ओव्हरकोट घालून ते तळमजल्यावर एकटेच उभे राहिले, स्वतःचा ठराव स्वतःच मोठ्याने वाचला, स्वतःच हात वर केला, आणि एक विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाल्याचं वहीत लिहिलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एग्लेबाई पाव आणायला खाली उतरल्या, आणि हात वर करून एकट्याच उभ्या असलेल्या विझिंतिनांना बघून पाव न घेताच परत वर गेल्या.

संध्याकाळी खऱ्या सभेत ठराव पडला. कुणाला खांब वीज ओढेल अशी भीती, कुणाला तो कबुतरं ओढेल अशी. एग्लेबाईंनी तर उभं राहून सांगितलं, "माझ्या नवऱ्याच्या दूरच्या भावाने गच्चीवर असंच काहीतरी लावलं होतं. वर्षभरात त्याची बायको माहेरी निघून गेली." तुल्लियोंना हे ऐकून धसकाच बसला, कारण निवेसचं माहेर उदिनेलाच होतं.

"मग बाल्कनीत लावतो," ते म्हणाले.

"बाल्कनी तुमची, पण तिचा रस्त्यावरून दिसणारा भाग जुन्या वास्तूंच्या खात्याचा," रिझमोंदोसाहेब म्हणाले.

त्या खात्यात तुल्लियोंनी पाच सकाळी घालवल्या. तिथला कारकून भला माणूस होता, पण त्याच्याकडे अर्ज होता आणि अर्जात रकाने होते: चांदवा, अँटेना, ध्वज, पुतळा, कुंड्या. भिरभिऱ्याला रकानाच नव्हता.

"अँटेना लिहू?" तुल्लियोंनी विचारलं.

"अँटेना फिरलेली चालत नाही."

"ध्वज?"

"ध्वज फक्त राष्ट्रीय सणाला. संध्याकाळी उतरवायचा."

"पुतळा?"

"कुणाचा?" कारकुनाने पेन उचलून विचारलं. तुल्लियोंनी अर्ज घडी करून खिशात घालायला घेतला. शेवटी कारकुनाने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "साहेब, एक ऐका. कुंडीला परवानगी लागतच नाही. कुंडी घ्या, तिच्यात वाळू भरा आणि तुमचं ते खोचा. कुंडीत काय लावलंय ते बघायला आमच्यातलं कुणी येत नाही."

छत्तीस वर्षं कागदांशी संसार केलेल्या माणसाला ही सूचना ऐकून गहिवरून आलं. त्याच दिवशी तुल्लियोंनी झाडूचा दांडा वाळूच्या कुंडीत रोवला, वर भिरभिरं बसवलं, आणि कुंडी निवेसच्या दोन कण्हेरी आणि एका रोझमेरीच्या रांगेत चौथी म्हणून ठेवली. वहीत नोंद केली: 'कुंडी क्रमांक चार. खात्याच्या तोंडी संमतीने.'

"निवेस, नीट ऐक. कागदोपत्री ही कुंडी आहे. कुणी विचारलं तर कुंडीच म्हणायचं."

"बरं. कुंडी," निवेस म्हणाली. तिच्या दृष्टीने बाल्कनीत आणखी एका वस्तूला जागा करायची होती, बाकी तिला काही देणंघेणं नव्हतं.

कुंड्यांच्या बाबतीत निवेस फार जपून असे, आणि त्याला कारण होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिने माहेरची तुळस मोठ्या हौसेने बाल्कनीत ठेवली होती. तुळस म्हणजे त्यांची ती जेवणातली. बोरा आली आणि तुळस गेली. दोन दिवसांनी समोरच्या न्हाव्याच्या पाटीमागे तिची कुंडी सापडली. नवी नवरी ढसाढसा रडली होती. "असल्या गावात मी राहायची नाही," म्हणाली होती. मग राहिली.

डिसेंबर उजाडला. पहिला आठवडा तुल्लियोंनी राजासारखा घालवला. समुद्रावर ऊन, हवा अशी मऊ की कॉफी बाहेर बसून प्यावी. ते रोज कॉफीहाऊसच्या बाहेरच्या टेबलावर बसायचे आणि तिथून एल्वियोला फोन लावायचे.

"काय म्हणतंय उदिने?"

"थोडं धुकं आहे," एल्वियो म्हणायचा.

"टेकडीवरचा किल्ला दिसतोय?"

"किल्ला सोडा दाजी, मला माझे जोडे दिसत नाहीयेत."

धुकं यंत्राला कळत नाही याचं तुल्लियोंना मनस्वी दुःख झालं. पण पारा उतरत होता, उदिनेला रोज सकाळी पांढरं दव साचत होतं, आणि इकडे शून्याच्या वर सहा अंश होते. कॉफीहाऊसमध्ये आता सगळ्यांना पैज माहीत झाली होती आणि ज्याला त्याला सल्ला सुचत होता. एकाने यंत्राच्या वाट्यांना मध लावायला सांगितलं, म्हणजे त्या जड फिरतील. एकाने भिंतीला अगदी चिकटवून ठेवायला सांगितलं. एग्लेबाई दुपारी वर येऊन म्हणाल्या, "तुल्लियोभाऊ, वाऱ्याच्या दिवशी त्यावर नुसती बादली पालथी घाला की! कोण बघतंय?"

"मी बघतोय," तुल्लियो म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की पुढचे दोन दिवस ते वेगळ्याच ऐटीत चालत होते.

मग चौदा डिसेंबरला बोरा आली.

ती येते तेव्हा आधी कळतं. गावामागच्या कार्स्टच्या डोंगरावर एक पांढरी पट्टी दिसते, समुद्र खरडल्यासारखा होतो, आणि सगळ्या गावात खडखडाट सुरू होतो. तो खडखडाट वाऱ्याचा नसतो, माणसांचा असतो. हजारो बाल्कन्यांचे दरवाजे उघडतात, वाळत घातलेले कपडे आत जातात, खुर्च्या आत जातात, कुंड्या आत जातात, आणि मग लाकडी झडपा धाडधाड बंद होतात. पाच मिनिटांत सगळं गाव आपापल्या डबीत. तुल्लियो त्या वेळी बाजारात होते. घरी पोहोचेपर्यंत त्यांनी एक टोपी गमावली आणि एका विजेच्या खांबाला आठ मिनिटं मिठी मारली. वर आले तर झडपा बंद, आणि निवेस स्वयंपाकघरात योता, म्हणजे आंबट कोबी आणि राजम्याचं सूप, ढवळत होती.

तीन दिवस झडपा उघडल्या नाहीत. तुल्लियो दिवाणखान्यात बसून बाहेरचा थडथड आवाज ऐकत होते. "ऐक, ऐक! फिरतंय बघ कसं माझं भिरभिरं," असं ते म्हणायचे आणि मनातल्या वहीत रोज तीन दिवस कापायचे. नऊ दिवस गेले. आठवड्याभराचं ऊन पाण्यात.

जानेवारीत तर कहर झाला. एक बोरा चार दिवस चालली, दुसरी पाच. एल्वियोचा रोज फोन. "दाजी, अजून आहात? बरं झालं. मला वाटलं एव्हाना इकडेच येऊन पडला असाल, सामानासकट." तुल्लियो हसायचे, पण ते हसू त्यांच्या तोंडावर नीट बसत नव्हतं. नियम बदलावा म्हणून त्यांनी एल्वियोला तीन पानी पत्र लिहिलं: स्वच्छ ऊन असताना येणारी बोरा ही खराब हवा नसून सफाई आहे, सबब तिचा दिवस अर्धाच कापावा. एल्वियोचं उलटटपाली उत्तर आलं. त्यात फक्त एक काटकसरीने काढलेलं चित्र होतं: एक माणूस, एक पतंग, आणि दोरी माणसाला बांधलेली.

त्या पाच दिवसांच्या बोरेत, चौथ्या दुपारी, तुल्लियोंचा धीर सुटला. निवेस आतल्या खोलीत पडली होती. ते उठले, चवड्यांवर चालत बाल्कनीच्या दारापाशी गेले आणि झडपेच्या कडीला हात घातला. फक्त हात बाहेर काढायचा, भिरभिरं आत ओढायचं. घर वाचेल. सकाळची समुद्रावरची फेरी वाचेल, कोपऱ्यावरचं टेबल वाचेल, जिथे बसून त्यांच्या वडिलांनी कॉफी प्यायली ते टेबल. कोण बघतंय?

कडी अर्धी वर गेली. मग त्यांना ती सगळी माणसं आठवली, विमा कचेरीतली. भिंतीला आधीच पडलेली भेग वादळाच्या नावावर खपवू पाहणारी. त्यांना आपण काय काय बोललो होतो! तुल्लियोंनी कडी खाली घातली.

"काय करतोयस रे तिथे?" आतून निवेसचा आवाज आला.

"काही नाही. कडी नीट लागलीय ना, बघत होतो."

त्या दिवसापासून तुल्लियो मनाने हरले, पण हातपाय गाळून बसले नाहीत. हरायचं तर खणखणीत हरायचं, असा त्यांनी निश्चय केला. रोज दाढी केली, रोज टाय बांधला. फेब्रुवारीत तर समुद्रावरच्या प्रत्येक बाकावर ते पाच-पाच मिनिटं बसून आले. सगळे बाक व्हायला नऊ दिवस लागले.

मार्चचा पहिला रविवार. एल्वियो आपली डबी मांडीवर घेऊन गाडीने त्रिएस्तेला आला. इलारिया नऊ महिन्यांचं पोट सांभाळत चौथ्या मजल्यावर चढली आणि खुर्चीत कोसळली. एग्लेबाई "साखर आहे का?" विचारायला आल्या आणि बसल्याच. दोन्ही सीलं तपासली गेली. इलारियाने आधी मामाची डबी फोडली.

"उदिने. नव्वद दिवस. पाऊस आणि गारठ्याचे वजा केले तर चांगले दिवस अडतीस. पन्नासच्या वर वारा एकदाही नाही."

"अडतीस!" एल्वियोने हात चोळले. "आता पतंगांचं बघू."

इलारियाने वडिलांची डबी फोडली. आकड्यांवरून तिने दोनदा बोट फिरवलं. "बाबा," ती म्हणाली, "चांगले दिवस एकाहत्तर."

"किती?"

"एकाहत्तर. सगळ्या हिवाळ्यात सर्वात जास्त वारा ताशी अडतीस किलोमीटर."

तेवढ्यात एग्लेबाईंच्या सैल झडपेची थडथड खालून स्पष्ट ऐकू आली. तुल्लियोंनी तो आवाज ओळखला. तीन महिने आपण जे भिरभिरं म्हणून ऐकत होतो ते हे, हे त्यांना तेव्हा कळलं.

एल्वियोने डबी हिसकावून घेतली. "हे बघा! जानेवारी एकोणीस ते तेवीस. पाऊस शून्य, वारा शून्य, तापमान सतरा. रात्री सतरा, दिवसा सतरा. जानेवारीत! दाजी, हे त्रिएस्ते आहे की आफ्रिका? असे, थांबा... असे अठरा दिवस आहेत!" तो उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि तेच तुल्लियोंना जास्त लागलं. "मी तुम्हाला तीस वर्षं चिडवतोय. पण तुम्ही लबाडी कराल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं."

तुल्लियोंचे कान लाल झाले. कडीला लावलेला तो हात त्यांना आठवला, आणि न केलेल्या गुन्ह्याची लाज वाटायला लागली.

"अगं बाई," निवेस हळूच म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती उभी होती आणि आपल्याच हातांकडे बघत होती.

"मी आत घेत होते," ती म्हणाली. "बोरा आली की कुंड्या आत घ्यायच्या असतात ना. पायपुसण्यावर ठेवायची आणि ओढायची. इलारियाच्या जुन्या खोलीत. कण्हेर, कण्हेर, रोझमेरी आणि ती चौथी. बोरा गेली की पुन्हा बाहेर. मला... मला लक्षातच आलं नाही. चार कुंड्या, म्हणून चार आत घेतल्या."

"ताई!" एल्वियो ओरडला. "अगं तू आपल्या बाजूची! ते एक दिवस बाहेर राहिलं असतं तरी तीन दिवस आपले होते!"

"माहितीय मला!" निवेसचा आवाज चिरकला. "मलाच जायचंय ना उदिनेला! पण वारा सुटला की मी विचार करते का? हात जातात. अडतीस वर्षं जातायत." आणि ती खुर्चीवर बसून रडायला लागली. उदिनेची म्हणून सगळ्या जगाला सांगणारी ती बाई आपल्या हातांनी आपला खटला बुडवून बसली होती, आणि तिला नेमकं कशाचं रडू येतंय ते तिलाही सांगता आलं नसतं.

एग्लेबाईंनी तिला पाणी दिलं. "कुंडी म्हटल्यावर आत घेणारच," त्या ठामपणे म्हणाल्या. "मीसुद्धा घेतली असती."

एल्वियो माणूस वाईट नव्हता. त्याने चिकटपट्टीचा बोळा करून टेबलावर टाकला. "जाऊ दे. दाजी, तुमचाच नियम. नोंद नाही, तर घटना नाही. डबी म्हणते बोरा आली नाही. एकाहत्तर विरुद्ध अडतीस. तुम्ही जिंकलात. लिहा वहीत, मी सही करतो."

इलारियाने मान खाली घातली. पोटावर ठेवलेला तिचा हात तसाच राहिला.

तुल्लियोंनी वही पुढे ओढली, चष्मा चढवला, पेन उघडलं. घर वाचलं होतं. समुद्र, टेबल, सगळे बाक. फक्त एक ओळ लिहायची होती. त्यांनी लिहायला सुरुवात केली: 'या हिवाळ्यात त्रिएस्ते येथे बोरा...' आणि हात थांबला.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"त्रिएस्तेत सबंध जानेवारीत बोरा आली नाही, असल्या कागदावर मी सही करू?" तुल्लियोंचा आवाज चढला. "माझी टोपी कुठे गेली मग? मी खांबाला मिठी मारली ती काय प्रेमाने? उद्या कॉफीहाऊसमध्ये लोक तोंडावर थुंकतील! अरे, बोरा आली होती! अठरा दिवस आली होती, आणि अशी आली होती की तुझ्या उदिनेने जन्मात बघितली नसेल! अठरा त्रिक चोपन्न. एकाहत्तरातून चोपन्न गेले, राहिले सतरा." त्यांनी खाडकन आकडा लिहिला आणि खाली सही ठोकली. "सतरा विरुद्ध अडतीस. उदिने जिंकलं."

मग निवेसने डोळे पुसले.

"घर विकायचं नाही," ती म्हणाली.

"शब्द दिलाय मी."

"तू राहायला यायचा शब्द दिलास. विकायचा नाही. किल्ली माझ्याकडे राहील." आणि थोडं थांबून ती म्हणाली, "महिन्यातून एकदा यायला लागेल मला. इथली हवा बाहेर कुठे मिळत नाही."

तुल्लियोंनी तिच्याकडे बघितलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच ती हे म्हणत होती. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

सत्तावीस मार्चला मुलगी झाली. ईस्टरच्या आत विझिंतिन पतिपत्नी उदिनेला समोरच्या इमारतीत राहायला गेले, दोन कण्हेरी, एक रोझमेरी आणि कुंडी क्रमांक चार घेऊन. आपण राहायला आलेलो नसून मोजायला आलो आहोत, असं तुल्लियो ओळखीच्या प्रत्येकाला सांगत होते.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी इलारिया बाळाला घेऊन आईकडे आली होती. एल्वियोही होता. बाळ त्याच्या मांडीवर झोपलं होतं, बाल्कनीत दुपटी वाळत होती, आणि निवेस कॉफी ओतत होती. इतक्यात एका दुपट्याचं टोक हललं.

कॉफीचं भांडं आदळलं. तुल्लियो एका दाराने धावले, निवेस दुसऱ्याने. दुपटी आत आली, खुर्ची आत आली, कण्हेर, कण्हेर, रोझमेरी. चौथ्या कुंडीला दोघांनी एकदमच हात घातला आणि दोघंही ती घेऊन दारात अडकले.

"काय झालं? काय झालं?" एल्वियो बाळाला छातीशी धरून ओरडला.

"वारा!" दोघं एका आवाजात म्हणाले.

एल्वियोने बाहेर बघितलं. रस्त्यावर एक म्हातारी पंखा घालत बसली होती. झाडाचं एक पान हलायला निघालं आणि त्याने बेत बदलला. मग सवयीने थेंब थेंब पाऊस सुरू झाला.

"कुठाय वारा?" एल्वियोने विचारलं.

निवेसने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने तिच्याकडे. कुंडी अजून दोघांच्या हातात होती, आणि निवेसला इतकं हसू आलं की ती दाराला टेकून खालीच बसली. तुल्लियोंनी कुंडी भिंतीशी नीट लावली, टाय सरळ केला, वही काढली आणि तारखेखाली लिहिलं:

'उदिने. वारा: ताशी चार किलोमीटर. पाऊस: आहेच. कुंड्या: आत.'